थेंब न पडलेली थाळी

“भंते, ज्या थाळीत मी काहीच टाकलं नव्हतं, तिच्यातले जंतू कोणी मारले?”

विशाखा डोंगरदिवेनं हे पडवीची पायरी चढता चढताच विचारलं. वंदन नाही, पाणी नाही. एक चप्पल पायरीवर पडली, दुसरी अंगणात.

भंते धम्मसार चुलीवरच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, जखमा बांधायच्या पट्ट्या उकळत होते. काठीनं त्यांनी पट्ट्या खालीवर केल्या.

“बस,” ते म्हणाले.

“बसायला वेळ नाही.”

“मंग उभी राह्य.”

ती बसली.

मी कोपऱ्यात जुनं धोतर फाडून पट्ट्या करत होतो. ड्रॉइंग मास्तर म्हणून मी निवृत्त झालो, आणि दिवसभर घरात सुनेच्या पायात पायात करण्यापेक्षा मी विहारात बसलेलं बरं, हे मी आणि सून दोघांनी एकमतानं ठरवलं. त्यामुळे विहारात जे बोललं जातं ते माझ्या कानावर पडतंच. मी मुद्दाम ऐकतो असं कोणी समजू नये. समजलं तरी हरकत नाही.

विशाखा भंतेंची जुनी विद्यार्थिनी. चीवर अंगावर घेण्याआधी भंते कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवत, त्यांच्या शेवटच्या तुकडीतली ही. आता ती पीएच.डी. करते, आणि ती रोशाच्या तेलावर.

रोशा म्हणजे आमच्या गाविलगडाच्या उतारावर उगवणारं रानगवत. पेरत कोणी नाही, राखत कोणी नाही. कार्तिकात ते फुलावर आलं की उतार लालसर दिसतो. मग लोक ते कापतात, तांब्याच्या हंड्यात पाण्यासोबत उकळतात, आणि वाफ थंड करून तिच्यातून तेल काढतात. त्याला गुलाबासारखा वास असतो. भंते ते तिळाच्या तेलात पातळ करून जखमेच्या कडेनं लावतात. जखम मोठी असेल तर माणसाला दवाखान्यात पाठवतात, आणि माणूस गेला की नाही हे पाहायला मला पाठवतात.

“नीट सांग,” भंते म्हणाले.

विशाखानं पिशवीतून जेवणाचा डबा काढला. डब्यात भाकरी नव्हती. झाकणाच्या, तळहाताएवढ्या काचेच्या चपट्या थाळ्या होत्या, एकीवर एक ठेवलेल्या.

“तेलाचे मी भाग पाडले. सगळ्यात मोठा भाग जिरॅनिऑलचा. त्याच्याखाली जिरॅनिल ॲसिटेट. थोडं लिनॅलूल. बाकीचे चिल्लर. जखमेत पू करणारे जंतू या थाळ्यांत पसरले. एका थाळीत जिरॅनिऑलचा थेंब, दुसरीत ॲसिटेटचा, तिसरीत अख्ख्या तेलाचा. आणि एक थाळी कोरी.”

“कोरी काऊन?” मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

“काका, कोरीत जंतू वाढलेच पाहिजेत. तिथं वाढले आणि इथं मेले, म्हणजे थेंबानं मारले. कोरी थाळी साक्षीदार असते.”

शास्त्रातलं बोलताना विशाखा अशी पुस्तकी मराठी बोलते. रागावली की तिची वऱ्हाडी बाहेर येते. आम्ही त्यावरून तिचा पारा ओळखतो.

“दोन वेळा सगळं बरोबर आलं,” ती म्हणाली. “जिरॅनिऑलच्या थेंबाभोवती हा एवढा स्वच्छ गोल. ॲसिटेटभोवती जवळजवळ काही नाही. कोरी थाळी जंतूंनी गच्च. तिसरी वेळ शेवटची होती. तिसऱ्या वेळेस...”

तिनं थाळ्या एकेक करून चटईवर मांडल्या.

सगळ्या स्वच्छ होत्या. नुकत्याच घासून ठेवाव्यात तशा.

“ॲसिटेटची पण स्वच्छ. कोरी पण स्वच्छ. सोमवारी मला हे गाइडसमोर मांडायचं आहे. तीन वर्षं मी एकच गोष्ट लिहिली, भंते. जिथं थेंब पडला तिथं गुण. जिथं नाही पडला तिथं नाही.”

“बरं.”

“आता ते सगळे हसतील.”

“हसतीन.”

“तीन वर्षं गेली माझी...”

गंजातलं पाणी उकळत होतं. भंतेंनी चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

विशाखाचा आवाज खाली आला.

“मी एक विचारू?”

“विचार ना.”

“कोरी थाळी फुटली असं लिहिलं तर?”

“फुटली का?”

“नाही.”

“मंग फोड.”

भंते उठले. फळीवरच्या खलातला बत्ता त्यांनी आणला आणि तिच्यासमोर चटईवर ठेवला. चांगला लोखंडी बत्ता, हळकुंडं फोडायचा.

माझ्या हातातलं धोतर तसंच राहिलं. भंतेंना मी पुष्कळ वर्षं ओळखतो, पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला. पोरगी घसरत असताना तिला हात द्यायचा की वाट आणखी उताराची करून द्यायची?

“फोडली म्हंजे खोटं तं नाई ना होणार,” भंते म्हणाले. “फुटली असंच लिहिशीन.”

विशाखानं बत्ता उचलला. दुसऱ्या हातात कोरी थाळी घेतली, आणि तशीच बसून राहिली.

बाहेर कोणाची तरी म्हैस ओरडत होती.

“होत नाही,” ती म्हणाली. बत्ता तिनं खाली ठेवला. डोळे भरले होते, पण ते तिला आम्हाला दाखवायचे नव्हते.

“फोडाची नसंन तं उघड,” भंते म्हणाले. “अन् वास घे.”

“भंते! तुम्हीच शिकवलंय. जंतूंच्या थाळीला नाक लावायचं नाही. माझा मित्र एकदा वाकला होता, तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं होतं.”

“हाव. त्याच्या थाळीत जंतू होते. तुह्या थाळीत हायेत कुठी?”

विशाखानं झाकण तिरपं केलं. आधी दुरून. मग जवळ.

ती थांबली.

पुन्हा वास घेतला. मग तिनं थाळी माझ्यापुढे धरली, जणू तिचा स्वतःच्या नाकावर विश्वास नव्हता. मीही वास घेतला. गुलाबाचा मंद वास होता, त्याच्याखाली सुकलेल्या गवताचा. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा तो वास ओळखेल.

“रोशा,” मी म्हणालो.

“पण मी हिच्यात टाकलं नव्हतं,” विशाखा म्हणाली. “एक थेंब नाही. मी शपथ घेऊन सांगते, भंते.”

“तू नाई टाकलं.”

“मग...” तिचे ओठ हलत होते. मनातल्या मनात तिचा हिशेब सुरू झाला होता, आणि तिचा चेहरा मला एकदम आवडला. हुशार माणूस स्वतःला विसरून विचार करतो तेव्हा फार गोड दिसतो. “तेल उडतं. थेंब पडला होता शेजारच्या थाळीत. त्याची वाफ झाली. या थाळ्यांची झाकणं घट्ट नसतात, हवा जाते आत. सगळ्या थाळ्या एकाच इन्क्युबेटरमध्ये होत्या, एकाच फळीवर. वाफ सगळीकडे गेली. जिरॅनिऑल जंतूंच्या अंगावरचं आवरण सैल करतं, थेंबानं करतं तसं वाफेनंही करेल... भंते, वाफेनं मारलं!”

“हाव.”

“म्हणजे तेलात गुण आहे. मी समजत होते त्याच्याहून जास्त आहे!”

ती हसली. रडत होती आणि हसली. मीही हसलो, काही न कळता. तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली नाही एवढं मात्र मला कळलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

“पण हे पुन्हा करून दाखवावं लागेल,” ती म्हणाली. आता ती घाईत होती. “सोमवारच्या आत. थोडं तेल द्या, भंते. याच मोसमाचं, त्याच भट्टीचं पाहिजे. गवत फुलाआधी कापलं तर भागांचं प्रमाण वेगळं, फुलल्यावर कापलं तर वेगळं. दुसऱ्या कोणाचं तेल चालणार नाही मला.”

भंतेंनी कोनाड्यातली बाटली आणली, बूच काढलं आणि तळहातावर उलटी केली.

काही पडलं नाही.

“काल वापरलं ते शेवटचं,” ते म्हणाले. “आता हाये तं वच्छलेपाशी.”

विशाखाचं हसू गेलं.

वच्छला म्हणजे तिची आत्या. खालच्या वस्तीत राहते आणि कार्तिकात रोशाची भट्टी लावते. विशाखाची आई गेली, बापानं दुसरं घर केलं, तेव्हा ही एवढीशी होती. आत्यानं तिला आणलं. पुढे विशाखा वसतिगृहात गेली, आणि त्यानंतर आत्याच्या घरी तिचं पाऊल क्वचित पडलं. तीन वर्षं आत्याच्या भट्टीचं तेल तिच्या प्रयोगशाळेत जात होतं, पण व्हाया भंते. एकीनं विहारात आणून ठेवायचं, दुसरीनं विहारातून उचलायचं.

“तिच्याकडं मी नाही जाणार.”

“काऊन?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मले नाई माहीत.”

“कायले जाऊ?” वऱ्हाडी आली. मी मान खाली घातली. “काय देल्लं तिनं मले? माह्या मैत्रिणीची माय तिची वेणी घाले. माही वेणी मीच घालो. कधी जोळ बसोलं नाई, कधी पाठीवरून हात फिरोला नाई. बोलली तं कामापुरती. भट्टीपाशी गेली का हाकले, ‘हो तिकडे’ म्हने. घरात होती म्हनून होती मी. जे काही झाली ते माही मी झाली, भंते. माह्या वाट्याले कोनाचा थेंब नाई आला.”

हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नसावं. मला वाईट वाटलं. वच्छलाबाईंना मी ओळखतो. त्या कमी बोलतात हे खरं आहे. एकदा मी त्यांना रस्त्यात पूर्ण पाच मिनिटं खुशाली विचारली, त्यावर त्या “हाव” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

भंतेंनी समजूत घातली नाही. आत्याची बाजूही घेतली नाही. त्यांनी पट्ट्या काठीनं उचलून दोरीवर टाकल्या. पाणी निथळू लागलं.

मग त्यांनी सहज विचारलं.

“पयल्या दोन बाऱ्या वाफ काऊन नाई साठली?”

“काय?”

“इन्क्युबेटर तोच. थाळ्या त्याच. तेल तेच. तवा कोरी थाळी गच्च भरली म्हन्तं. या बारी काय झालं?”

विशाखा पुन्हा विचारात पडली. प्रश्न शास्त्राचा आला की तिचा राग बाजूला होतो, हे भंतेंना माहीत असणार.

“आमच्या इन्क्युबेटरच्या दरवाज्याचं रबर फाटलंय,” ती सावकाश म्हणाली. “नवीन मागवलंय, येत नाही. त्या फटीतून ऊब बाहेर जाते. तेव्हा वाफही जात असणार. म्हणून आधी साठली नाही. या वेळेस शेवटचा प्रयोग, म्हटलं ऊब सारखी राहायला पाहिजे. म्हणून मी ती फट बुजवली.”

“कायनं?”

“मेसमधून...” ती अडखळली. “कणीक आणली थोडी.”

मी मोठ्यानं हसलो. विद्यापीठाच्या इन्क्युबेटरला कणीक! भंतेंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा धोतराकडे वळलो.

तसं पाहिलं तर हसण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे रोशाची भट्टी लावणारा प्रत्येक जण हेच करतो. हंड्यावर झाकण ठेवलं की सांध्यावर कणकेचा लांब दोर वळून बसवायचा, अंगठ्यानं दाबत दाबत गोल फिरवायचा, शेवटी ओल्या बोटानं फट लिंपायची. वाफ गेली म्हणजे तेल गेलं. त्या घरातल्या माणसाला कुठेही फट दिसली, तरी त्याचा हात आधी पिठाच्या डब्याकडे जातो.

“कणीक घट्ट मळली का सैल?” भंतेंनी विचारलं.

“घट्ट. सैल असली की उबेनं ओघळते. आणि चिमूटभर राख घालायची, म्हणजे तडकत नाही.”

“हे कोनत्या पुस्तकात हाये?”

“पुस्तकात नाही.”

“कॉलेजात शिकोलं? म्या तं नाई शिकोलं.”

“नाही.”

“वच्छलेनं शिकोलं?”

“नाही! सांगते ना, ती जवळ येऊ द्यायची नाही. मी आपली बाजूला बसलेली असायचे, पोत्यावर. ती करायची. मी नुसती...”

ती थांबली.

“नुसती पाहात होते.”

भंते चुलीतली राख सारखी करत होते.

“बाजूले म्हंजे किती बाजूले?” त्यांनी विचारलं.

“फार नाही. सांगेल तिथं. ती पोतं टाकून द्यायची रोज. वारा बदलला की पोतं उचलून दुसरीकडे टाकायची अन् म्हणायची, हो तिकडे.”

“वारा बदलला का?”

“हो. वाफ येते ना वाऱ्यानं अंगावर. सांधा सुटला तर भाजतं. तिच्या हातावर...”

विशाखानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात तिनं उलटसुलट करून पाहिले. हाताला कुठेही डाग नव्हता.

“तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले आहेत,” ती म्हणाली.



मला वाटलं आता भंते बोलतील. इथं बोलायलाच पाहिजे होतं. मी असतो तर आत्याच्या मायेवर चांगलं तासभर बोललो असतो आणि पोरीला पुरतं कंटाळवलं असतं. भंतेंनी फक्त पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

ती प्यायली. मग तिनं तोंड ओंजळीत घेतलं आणि रडली. लहान पोरीसारखी, आवाज करून रडली. मला आडवळणानं सांगता येत नाही, सरळ सांगतो. ती रडत होती ती दुःखानं नव्हे. आपल्याला कोणीतरी इतकी वर्षं जपत होतं हे माणसाला उशिरा कळतं, तेव्हा आतून जे काही उचंबळून येतं ते होतं. माझेही डोळे भरले. मला माझी थोरली बहीण आठवली. तिनं मला हातात पेन्सिल कशी धरायची ते कधी शिकवलं नाही, पण ती दारात रांगोळी काढायची आणि मी शेजारी उकिडवा बसायचो. पुढे उभा जन्म मी पोरांना रेषा काढायला शिकवली, आणि रेषा कुठून आली हे कोणी विचारलं तर कॉलेजचं नाव सांगितलं. ती आता नाही. असती तर मी त्याच पावली गेलो असतो.

विशाखानं ओढणीनं तोंड पुसलं.

“सोमवारी मी हे सगळं सांगेन,” ती म्हणाली. “कोरी थाळी दाखवेन. फट सांगेन. कणीकपण सांगेन.”

“हसतीन,” भंते म्हणाले.

“हसू द्या. कणीक कोणाच्या हातची शिकले तेही सांगेन.”

तिनं थाळ्या गोळा केल्या. जिरॅनिऑलची, ॲसिटेटची, तेलाची. कोरी थाळी सगळ्यात शेवटी उचलली आणि डब्यात सगळ्यांच्या वर ठेवली. तिला निघायची घाई होती, पण त्या घाईत आता चिडचिड नव्हती.

“आत्या या वेळी घरी असेल?” तिनं मला विचारलं.

“असंन,” मी म्हणालो. “पण बोलण्याची आशा करू नको पोरी. ती ‘हाव’ म्हणेल.”

“म्हणू द्या, काका. मीच बोलेन.”

मग तिनं गुडघे टेकले. दोन्ही हात जोडले आणि आल्यावर राहून गेलेलं वंदन केलं, तीनदा, सावकाश, कपाळ चटईला टेकवून.

“सुखी हो,” भंते म्हणाले.

ती उठली. पायरीवरची चप्पल घातली, अंगणातली शोधली. फाटकापर्यंत गेली आणि परत आली. शास्त्रज्ञच ती. एक शंका राहिली होती.

“भंते, पुन्हा प्रयोग करायचा तर मला साक्षीदार हवाच. एक थाळी अशी पाहिजे की जिला काहीही मिळालेलं नाही. ती कुठं ठेवू?”

भंतेंनी दोरीवरची एक पट्टी काढली, झटकली, वाळली की नाही ते पाहिलं. वाळली नव्हती. त्यांनी ती परत टाकली.

“कोरीच ठेवाची असंन ना पोरी,” ते म्हणाले, “तं थाळी लय लांब ठेवा लागते.”